फुफ्फुसात व्हायरस शिरला, पण नक्की कुठल्या पेशीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत श्वसनाच्या व्हायरसवर आलेला मोठा लेख वाचला. चित्रं झकास होती, गुलाबी फुफ्फुसं आणि त्यात घुसणारे काटेरी गोळे, पण ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याच्या डोक्यात लेख वाचून एवढंच राहणार की हवा आत गेली, हवेबरोबर व्हायरस गेला, थेट फुफ्फुसात पोचला आणि फुफ्फुस खायला लागला. असं होत नाही हो. आणि मी काही उगाच खुसपट काढत नाहीये, कारण त्याच लेखाच्या खाली चौकटीत लॅबमध्ये व्हायरस नष्ट करणारं औषध सापडल्याची बातमी होती, आणि वरचं चित्र चुकलं की खालची बातमी कशी वाचायची तेही चुकतंच. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो, दरवर्षी पोरं हाच समज घेऊन वर्गात येतात, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. छापताना कापाकापी करावी लागली तर हरकत नाही, फक्त मलेरियाच्या गोळीचा भाग तेवढा ठेवा.

तर पहिली गोष्ट, फुफ्फुस म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. श्वासनलिका खाली गेली की तिचे दोन फाटे होतात, त्या प्रत्येकाचे परत दोन, असं साधारण २३ वेळा होत जातं आणि शेवटी येतात वायुकोश, सुमारे ३० ते ५० कोटी, ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील असं पुस्तकं धरतात. या सगळ्या रस्त्याला आतून जे अस्तर आहे ते वरपासून खालपर्यंत बदलत जातं. मोठ्या नळ्यांत सिलियावाल्या पेशी, म्हणजे डोक्यावर प्रत्येकी दोनेकशे बारीक हलते केस असलेल्या, त्यांच्या मधेमधे म्युकस, म्हणजे चिकट बुळबुळीत स्राव, सोडणाऱ्या गॉब्लेट पेशी, आणि तळाला बेसल पेशी, ज्या वरचं काही मेलं की नवीन बनवून देतात. बारीक नळ्यांत क्लब पेशी वाढतात. आणि वायुकोशात गेलात की सगळाच कारभार वेगळा, तिथे टाइप १ नावाच्या पेशी, इतक्या पातळ आणि पसरट की जवळपास ९५ टक्के पृष्ठभाग त्या एकट्याच झाकतात, आणि त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात टाइप २, ज्या पृष्ठभागाच्या हिशोबात ५च टक्के पण संख्येनं टाइप १ पेक्षा जास्त. या टाइप २ची कामं दोन आणि दोन्ही महत्त्वाची. एक म्हणजे सरफॅक्टंट बनवणं, जे नसलं तर श्वास सोडताना वायुकोश मिटून जातील आणि परत उघडायला प्रचंड जोर लागेल, आणि दुसरं म्हणजे टाइप १ मेल्या की स्वतः विभागून त्यांची जागा भरणं. वायुकोशातली हवा आणि पलीकडच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधलं अंतर बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी असतं, तेवढ्या पडद्यातून आपला सगळा ऑक्सिजन आत येतो.

हे सगळं सांगायचं कारण काय, तर कुठलाही श्वसनाचा व्हायरस यातल्या सरसकट सगळ्या पेशींत शिरत नाही. त्याला ठरावीक पेशी लागते, आणि ती नाकात आहे, नळीत आहे की वायुकोशात आहे यावर त्या माणसाला दोन दिवस शिंका येणार का ऑक्सिजन लावायची वेळ येणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आपल्या अख्ख्या लेखात पेशीचा प्रकार एकदाही आलेला नाही, माझी तक्रार खरं म्हणजे एवढीच आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं.

आता रस्त्यातले अडथळे बघा. माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या वर हवा आत घेतो, त्यात काय काय येतं ते विचारू नका. फ्लूचा किंवा करोनाचा व्हायरस साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये दहा हजार बसतील, पण तो असा उघडावाघडा एकटा उडत येत नाही, तो येतो थुंकीच्या नाहीतर कफाच्या थेंबात, आणि थेंब मोठा असेल तर नाका-घशातच अडकतो, काही मायक्रॉनचा बारीक कण असेल तरच खोल जातो. म्हणजे कुठे उतरायचं हे व्हायरसच्या नाही, थेंबाच्या आकारावर ठरतं. बऱ्याचदा तर व्हायरस आधी नाकातच वाढतो आणि तिथला स्राव नकळत खाली ओढला गेला की मग फुफ्फुस गाठतो, कोविडमध्ये हेच होत असावं असं अनेक संशोधक मानतात.

उतरला तरी पेशीला लगेच हात लावता येत नाही. वर म्युकसचा थर, त्याच्याखाली पातळ पाण्याचा थर आणि त्यात सिलिया, सेकंदाला १०-१५ वेळा एकाच दिशेला फटके मारणाऱ्या, आणि त्यांच्या जोरावर वरचा म्युकस मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे सरकत असतो, तिथून आपण तो गिळून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे प्रत्यक्ष बघायला मिळतं बरं का. माणसाच्या श्वासनलिकेतून खरवडून घेतलेल्या पेशी लॅबमध्ये एका बारीक भोकं असलेल्या प्लास्टिकच्या पडद्यावर वाढवतात, खालून त्यांना पोषक द्रव द्यायचा आणि वरून मात्र कोरडी हवा, अगदी श्वासनलिकेत असते तशी. पहिले काही दिवस काहीच दिसत नाही, नुसता सपाट थर, आणि मग तीन-चार आठवड्यांत सिलिया फुटतात. मायक्रोस्कोपखाली ठेवलं की अख्खा पृष्ठभाग थरथरताना दिसतो, आणि म्युकसमध्ये अडकलेली मेलेली पेशी किंवा एखादा कचऱ्याचा कण गोल गोल फिरत राहतो, कारण डिशमध्ये घसाच नाही, जाणार कुठे बिचारा. विद्यार्थ्यांना हे दाखवलं की मग समजवायला फार बोलावं लागत नाही. या डिशचं काम पुढे परत पडणार आहे.

आता एक व्हायरस घेऊन पूर्ण आत जाऊया, फ्लूचाच घेतो, कारण त्याचा प्रत्येक टप्पा नीट माहीत आहे. फ्लूच्या व्हायरसवर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रोटीनचे काही शे काटे असतात. पेशीच्या बाहेरच्या प्रोटीनांना साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक ॲसिड असतं, हा काटा ते पकडतो. एकेका काट्याची पकड अगदीच लेचीपेची, पण गवतातून चालताना पायजम्याला कुसळं चिकटतात ना, एकेक काढायला सोपं आणि शंभर एकत्र म्हणजे वैताग, तसं ते होतं. गंमत म्हणजे म्युकसमध्येही सियालिक ॲसिड भरपूर असतं, म्हणजे व्हायरस तिथेच अडकून घशाकडे वाहून जायला हवा, आणि पुष्कळसे जातातही, पण त्याच्याकडे न्यूरामिनिडेज नावाचं दुसरं प्रोटीन असतं जे सियालिक ॲसिड कापतं. पकड, काप, परत पकड, असं करत करत तो खालच्या पेशीपर्यंत उतरतो.

पेशीला चिकटल्यावर तो भोक पाडून आत घुसत नाही. पेशीच त्याला आत घेते. बाहेर चिकटलेल्या गोष्टी आत ओढून घ्यायची पेशीची रोजची पद्धत असते, मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, आत वळतं आणि एक फुगा तयार होऊन आत जातो, त्या फुग्याला एंडोसोम म्हणतात. हा फुगा आत जाताना पेशी त्यात ॲसिड सोडत जाते, पीएच साधारण ५ ते साडेपाचवर येतो, आणि तेवढ्या आंबटपणात हिमॅग्लुटिनिनचा आकार फाटकन बदलतो, आत दुमडून ठेवलेलं टोक बाहेर येऊन फुग्याच्या मेम्ब्रेनमध्ये रुततं आणि मग व्हायरसचं मेम्ब्रेन आणि फुग्याचं मेम्ब्रेन ओढून एकात एक मिसळवतं. त्याच वेळेला एम२ नावाच्या बारीक छिद्रातून ॲसिड व्हायरसच्या पोटात शिरतं आणि आतल्या आरएनएचे, म्हणजे व्हायरसच्या जनुकांचे, ८ तुकडे सुटे होतात. अमँटाडिन नावाचं जुनं औषध हे छिद्रच बंद करायचं, पण आता फिरणारे बहुतेक सगळे फ्लू त्याला दाद देत नाहीत, म्हणून ते फ्लूसाठी वापरातून गेलं. सुटे झालेले ८ तुकडे पेशीच्या केंद्रकात जातात, आरएनएवाल्या व्हायरसांमध्ये असं केंद्रकात जाऊन काम करणारे फार थोडे, आणि तिथे पेशीच्या स्वतःच्या संदेशांची टोकं कापून आपल्या संदेशांना लावतात, म्हणजे पेशीचं प्रोटीन बनवणारं यंत्र व्हायरसचे संदेश आपलेच समजून वाचायला लागतं. ही टोकं कापणंच थांबवणारं बॅलोक्साविर नावाचं औषध अलीकडे आलंय. ६ ते ८ तासांत नवीन व्हायरस पेशीच्या वरच्या बाजूने, म्हणजे हवेच्या बाजूने, बाहेर पडायला लागतात. बाहेर पडतानाही सियालिक ॲसिडला चिकटून बसतात, तेव्हा परत तेच न्यूरामिनिडेज कामाला येतं, आणि ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध त्यालाच रोखतं. ते लवकर, शक्यतो पहिल्या ४८ तासांत घ्या असं डॉक्टर का सांगतात ते आता कळेल, ते शिरलेल्या व्हायरसचं काही करत नाही, पुढचा फैलाव अडवतं, आणि फैलाव होऊन गेल्यावर अडवणार काय.

अजून एक भानगड आहे. हिमॅग्लुटिनिन तयार होताना एकसंध असतं आणि ते एका जागी कापलं गेल्याशिवाय तो आकार बदलूच शकत नाही. कापायची कात्री व्हायरसकडे नाही, ती माणसाच्या पेशीकडे असते, टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम हे त्यातलं मुख्य, आणि असली एन्झाइम्स मुख्यतः श्वासमार्गाच्या नाहीतर आतड्याच्या अस्तरात सापडतात. म्हणून नेहमीचा फ्लू बहुतेक करून श्वासमार्गातच राहतो. कोंबड्या पटापट मारणाऱ्या बर्ड फ्लूमध्ये त्या कापायच्या जागेवर अशी अमिनो ॲसिडं असतात की ती फ्युरिन नावाच्या दुसऱ्या कात्रीने कापली जाते, आणि फ्युरिन शरीरात जवळपास सगळ्या पेशींत असतं. कोंबडीत तो सगळ्या अवयवांत का पसरतो याचं उत्तर तिथे आहे.

बर्ड फ्लूवरून आठवलं, पेशीचा पत्ता किती महत्त्वाचा आहे याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ नावाचा बर्ड फ्लू पहिल्यांदा माणसांत सापडला, १८ जण आजारी पडले, त्यातले ६ गेले. इतका जहाल, आणि तरी माणसाकडून माणसाला जवळपास पसरलाच नाही. २००६ साली दोन वेगवेगळ्या गटांनी, एक जपान-अमेरिकेचा आणि एक नेदरलँड्सचा, माणसाच्या फुफ्फुसाच्या तुकड्यांवर बघितलं. सियालिक ॲसिड पुढच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं, माणसाच्या फ्लूला एक जोडणी लागते आणि पक्ष्यांच्या फ्लूला दुसरी. माणसात पहिली जोडणी नाकापासून मोठ्या नळ्यांपर्यंत भरपूर, आणि दुसरी मुख्यतः खाली, वायुकोशाच्या टाइप २ पेशींवर वगैरे. म्हणजे बर्ड फ्लू लागायचा तर तो खोलवर पोचायला लागतो, आणि पोचला तर न्यूमोनिया, पण तिथून खोकून तो दुसऱ्याला देणं अवघड. रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची जी गोष्ट व्हायरस धरतो ती, हे एकच कारण नाही, अजूनही बरीच आहेत, पण हे मोठं आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यावरही ही पक्ष्यांवाली जोडणी असते, आणि २०२४ साली अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ पसरला तेव्हा गोठ्यात काम करणाऱ्या ज्या लोकांना लागण झाली त्यांच्यातल्या पुष्कळांची मुख्य तक्रार लाल डोळे हीच होती.

आता करोना. २००३ साली सार्सच्या वेळीच कळलं होतं की तो व्हायरस एसीई२ नावाच्या रिसेप्टरला धरतो, २०२० मध्ये कोविडचाही तोच निघाला. श्वासमार्गात एसीई२ सगळ्यात जास्त नाकातल्या पेशींवर, खाली जावं तसं कमी होत जातं, वायुकोशात फक्त काही टाइप २ पेशींवर. पण थांबा, नुसत्या रिसेप्टरवरून सगळं ठरत असतं तर किती सोपं झालं असतं. एनएल६३ नावाचा एक करोनाव्हायरस आहे, २००४ साली नेदरलँड्समध्ये सापडलेला, तोही एसीई२च वापरतो, आणि बहुतेक लोकांना त्याने साधी सर्दी होते. रिसेप्टर तोच, आजारात जमीन-अस्मानाचा फरक. पकड किती घट्ट, पुढची कात्री कुठली, आत गेल्यावर पेशीचा धोक्याचा गजर कितपत बंद पाडता येतो, हे सगळं मधे येतं.

कोविडच्या व्हायरसला आत जायला दोन रस्ते आहेत. पेशीवर एसीई२च्या बाजूला टीएमपीआरएसएस२ असेल, हो तीच फ्लूवाली कात्री, तर ती व्हायरसचा काटा, म्हणजे स्पाइक प्रोटीन, कापते आणि व्हायरस पेशीच्या पृष्ठभागावरच मिसळून सरळ आत जातो, ॲसिडच्या फुग्याची गरजच नाही. ती कात्री नसेल तर तो फ्लूसारखा एंडोसोममधून जातो आणि तिथे कॅथेप्सिन नावाचं दुसरं एन्झाइम कापायचं काम करतं. हे दोन रस्ते कृपया लक्षात ठेवा, कारण आता ती मलेरियाची गोळी येतेय.

२०२० च्या सुरुवातीला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या मलेरियाच्या गोळीचा कोविडवरचा उपाय म्हणून केवढा गवगवा झाला होता ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच्यामागे खोटारडेपणा होता असं नाही, लॅबमध्ये क्लोरोक्वीन आणि तिची ही बहीण खरोखर व्हायरस थांबवत होत्या. पण कुठल्या पेशीत? तर व्हेरो पेशीत. या पेशी आफ्रिकेतल्या एका हिरव्या माकडाच्या किडनीपासून जपानमध्ये १९६२ साली बनवल्या, लॅबमध्ये मस्त वाढतात, व्हायरस त्यात जोरात वाढतात, म्हणून जगभर पहिला प्रयोग बहुतेक त्यांच्यावरच होतो. या पेशींत टीएमपीआरएसएस२ जवळपास नसतंच. म्हणजे व्हायरसला एंडोसोमचाच रस्ता उरतो, आणि क्लोरोक्वीन करते काय तर एंडोसोममधला आंबटपणा घालवते. रस्ता बंद, व्हायरस बाहेर, प्रयोग यशस्वी! मग जर्मनीतल्या एका गटाने हेच माणसाच्या फुफ्फुसातून आलेल्या, टीएमपीआरएसएस२ असलेल्या पेशींवर करून बघितलं आणि जुलै २०२० मध्ये छापलं की तिथे क्लोरोक्वीनचा काही उपयोग होत नाही, कारण व्हायरस त्या दारातून जातच नाहीये. तोपर्यंत जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीने हॉस्पिटलमधल्या पेशंटांमध्ये फायदा नसल्याचं सांगितलं होतं आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएने मार्चमध्ये दिलेली तातडीची परवानगी जूनमध्ये मागे घेतली होती. म्हणजे औषध चुकलं नाही, व्हायरसही बदलला नाही, डिशमधली पेशी चुकीच्या अवयवाची होती, आणि माकडाच्या किडनीतला निकाल माणसाच्या फुफ्फुसाला लावून जग मोकळं झालं.

म्हणून आपल्या त्या चौकटीतल्या औषधाबद्दल माझा साधा प्रश्न आहे की कुठल्या पेशीत नष्ट केला. बातमीत ते नाही. ज्या कंपनीने किंवा संस्थेने पत्रक पाठवलं असेल तिला फोन करून तुमच्या वार्ताहराने एवढं विचारलं असतं, की पेशी फुफ्फुसाच्या होत्या का, मघाशी सांगितलं तशा हवेवर वाढवलेल्या होत्या का, आणि डिशमध्ये जेवढं औषध ओतलं तेवढं माणसाच्या फुफ्फुसात पोचेल का, तर एक तर बातमी चार ओळींची झाली असती नाहीतर आलीच नसती. साबण घातला तरी डिशमधला व्हायरस मरतो हो, म्हणून कुणी साबण पितं का.

याच दोन रस्त्यांचा पुढचा अध्याय म्हणजे ओमिक्रॉन. डिसेंबर २०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने माणसाच्या ऊतींवर बघितलं, तर २४ तासांत ब्रॉंकसच्या, म्हणजे मोठ्या नळीच्या, तुकड्यात ओमिक्रॉन डेल्टापेक्षा सुमारे ७० पट वाढला होता आणि फुफ्फुसाच्या तुकड्यात मात्र मूळ कोविड व्हायरसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पुढे इतर गटांनीही दाखवलं की ओमिक्रॉनला टीएमपीआरएसएस२चा रस्ता तितका जमत नाही, तो एंडोसोमकडे झुकतो. वरच्या भागात जोर म्हणजे पसरायला सोपं, आणि खाली कमी म्हणजे न्यूमोनिया कमी. तेव्हा लोकांमध्ये लसीची आणि आधीच्या लागणीची प्रतिकारशक्तीही आली होती, तिचं श्रेय काढून घेता येत नाही, पण पेशीची आवड बदलली हे खरं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. सर्दीवाले ऱ्हायनोव्हायरस, १६० हून जास्त प्रकार, त्यातले बरेचसे आयकॅम-१ नावाच्या रिसेप्टरला धरतात आणि त्यांना ३३ अंशाच्या आसपासचं थंड नाक आवडतं, अस्तराची फार नासधूसही करत नाहीत, आपलं नाक वाहतं ते मुख्यतः आपल्याच प्रतिकाराच्या धावपळीने. त्यातला सी गट सिलियावाल्या पेशींवरच्या सीडीएचआर३ ला धरतो, आणि या प्रोटीनचा एक प्रकार ज्या मुलांच्या जनुकांत असतो त्यांना दम्याचे जोरदार झटके जास्त येतात असं दिसलंय. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांचा शत्रू, तो सिलियावाल्या पेशींना धरतो, त्या पेशी मरून सुटतात आणि बारीक नळीत पडतात, त्यात म्युकस मिसळतो. मोठ्या माणसाच्या नळीत एवढ्याने काही होत नाही, बाळाची नळी मुळातच एवढुशी, ती बुजते आणि बाळ घरघरायला लागतं. या व्हायरसचं एफ नावाचं प्रोटीन पेशीत शिरण्याआधी एका आकाराचं असतं आणि शिरल्यावर दुसऱ्याच, शिरण्याआधीचा आकार २०१३ साली नीट कळला आणि तो धरून बनवलेल्या लशी २०२३ मध्ये बाजारात आल्या, मधल्या कित्येक दशकांत काही जमलं नव्हतं.

आणि गोवर! लोक त्याला पुरळाचा आजार समजतात, पण तो पसरतो श्वासातूनच आणि त्याची तऱ्हा सगळ्यांत वेगळी. हवेतून येतो पण अस्तराच्या पेशींत वरून शिरतच नाही, कारण त्याला लागणारा रिसेप्टर त्या बाजूला नसतो. तो आधी वायुकोशात आणि नळ्यांत गस्त घालणाऱ्या प्रतिकाराच्या पेशींना पकडतो, त्यांच्यावर बसून लसिका ग्रंथींत जातो, तिथे वाढतो, सगळ्या शरीरात फिरतो, आणि मग परत येऊन श्वासमार्गाच्या अस्तरात मागच्या बाजूने, रक्ताच्या बाजूने शिरतो, तिथे नेक्टिन-४ नावाचा रिसेप्टर असतो, हे २०११ मध्ये कळलं. आणि बाहेर मात्र हवेच्या बाजूने पडतो. म्हणून पोरगं खोकायला लागेपर्यंत व्हायरस अख्खं शरीर हिंडून आलेला असतो. "हवा आत, व्हायरस थेट फुफ्फुसात" हे वाक्य गोवरापुढे तर अजिबातच टिकत नाही.

फुफ्फुस "खाण्या"बद्दलही बोलायला हवं. पेशी मरतात हे खरंच. पण पेशीकडे स्वतःचा गजर असतो, आत परका आरएनए दिसला की ती इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन आपली यंत्रणा बंद करून बसतात. हे १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लंडनमध्ये फ्लूच्याच व्हायरसवर शोधलं. फ्लूचं एनएस१ प्रोटीन हा गजरच बंद पाडतं. २०२० मध्ये असंही सापडलं की गंभीर कोविड न्यूमोनिया झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी होत्या, ९८७ पेशंटांत १०१. गजर वाजला पण आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही. उलट टोकाला, व्हायरस बराचसा आटोक्यात आल्यावरही प्रतिकाराच्या पेशींचा लोंढा थांबत नाही, वायुकोशाचा तो मायक्रॉनभर पडदा गळायला लागतो, टाइप २ मेल्यामुळे सरफॅक्टंट नाही आणि दुरुस्तीला माणूसही नाही, आत पाणी आणि प्रोटीन साचतं, आणि ऑक्सिजन खाली येतो. म्हणून तर डेक्सामेथासोन, जे व्हायरसला काहीच करत नाही, फक्त सूज दाबतं, त्याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काडीचा फायदा झाला नाही. तेव्हा घरी नुसता ताप असताना लोक ही गोळी खात होते, त्याचं काय बोलायचं.

शेवटचा मुद्दा आपल्या लेखातल्या "व्हायरल न्यूमोनियात अँटिबायोटिक लगेच सुरू करावं" या वाक्याचा. अँटिबायोटिक बॅक्टेरियाची भिंत, त्यांचं प्रोटीन बनवायचं यंत्र वगैरेवर चालतं, आपल्याच पेशीच्या आत आपलीच यंत्रं वापरत बसलेल्या व्हायरसवर ते चालायला तिथे काही नाहीच. पण म्हणून अँटिबायोटिक कधीच नको असंही नाही, आणि इथे परत अस्तरच येतं. फ्लूने सिलियावाल्या पेशी मारल्या की म्युकस सरकत नाही, खालचा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि नाकात शांत बसलेल्या न्यूमोकोकससारख्या बॅक्टेरियाला खाली उतरायला आणि चिकटायला आयती जागा मिळते. १९१८ च्या साथीत मेलेल्या लोकांचे जपून ठेवलेले फुफ्फुसाचे नमुने आणि शवविच्छेदनाचे अहवाल २००८ मध्ये परत तपासले तेव्हा बहुतेक मृत्यूंत अशा बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाचा हात दिसला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच. बेसल पेशींना अस्तर परत उभं करून सिलिया फुटायला काही आठवडे लागतात, आणि मधल्या काळात, विशेषतः आठवड्याभरात ताप उतरून बरं वाटायला लागलं आणि मग पुन्हा ताप चढला, छातीत दुखायला लागलं, घट्ट रंगीत कफ पडायला लागला, तर डॉक्टरकडे लगेच जायचं, तिथे अँटिबायोटिकची खरी गरज असू शकते, पण ती डॉक्टरने तपासून ठरवायची. पहिल्या दिवशी नाक वाहतंय म्हणून घरात उरलेल्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. बाकी काही नाही तरी हे एवढं पुढच्या पुरवणीत दुरुस्ती म्हणून छापा, आणि शक्यतो त्याच पानावर.

कळावे,
आपला एक नियमित वाचक